तबकडीची खालची बाजू

२००७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस भाईंदरजवळच्या पाली गावातल्या रॉबर्टच्या फोटो स्टुडिओमधला कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की आतून टकटक असा आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये रॉबर्टने त्या मोसमात काढलेली गावातली सगळी लग्नं होती. त्याच्या धाकट्या बहिणीचं, सेलिनचं लग्नही त्यातच होतं. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

दोन-तीन दिवसांनी ती डिस्क मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या इरफानच्या दुकानात आली. बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणं हा इरफानचा धंदा. पण आलेली डिस्क तो आधी पाहत नसे. ती कर्णिकबाई पाहत. बाईंनी होकार दिल्याशिवाय त्या दुकानात कुठल्याही डिस्कला वीज जोडली जात नव्हती.

वसुधा कर्णिक तेव्हा साठीच्या पुढे होत्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या. नोकरीची सगळी वर्षं मुंबईतल्या एका फिल्म लॅबोरेटरीत गेली होती. धुऊन आलेली निगेटिव्ह उजेडाच्या टेबलावर सरकवत न्यायची आणि तिच्यावर ओरखडा, धुळीचा कण, पाण्याचा डाग आहे का ते पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्या आणि विमा कंपनीतून निवृत्त झालेले कर्णिकसाहेब दादरची भाड्याची जागा सोडून सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आले. त्याच इमारतीत तळाला इरफानचं दुकान होतं. मी तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि भाईंदरच्या एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो.

बाई दुकानात पहिल्यांदा गेल्या, त्या आपल्या मुलीला ईमेल पाठवायला. आत इरफान एक उघडी डिस्क ट्यूबलाइटखाली धरून बसला होता. बाईंनी दारातूनच सांगितलं, "अरे, वरून काय बघतोस? उजेड आडवा पाड."

इरफानने टॉर्च आडवा धरला. तबकडीवर तोवर न दिसलेली एक बारीक रेघ चमकली.

"आंटी, आप रोज आ सकते हो क्या?" इरफानने विचारलं.

"साहेबांना विचारते," बाई म्हणाल्या. साहेबांना त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी दुकानात येऊ लागल्या.

त्या काय पाहत होत्या ते थोडक्यात सांगायला हवं. हार्ड डिस्कच्या डब्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्या वेगाने फिरतात आणि वाचणारं बारीक हेड त्यांना न टेकता वर तरंगतं. हेड टेकलं की ओरखडा पडतो. बिघडलेलं हेड बदलता येतं. पण ओरखडा असलेल्या तबकडीवर नवीन हेड बसवून ती फिरवली, तर नवीन हेड तर तुटतंच, शिवाय उरलेला डेटाही खरवडून निघतो. तो मग जगात कोणाला परत आणता येत नाही. म्हणून फिरवण्याआधी पाहायचं. ओरखडा आहे की नाही, असेल तर कुठे आणि केवढा, हे बाई सांगत. पुढचं काम इरफानचं.

इरफानने काचेचं एक कपाट तयार केलं होतं. त्यात गाळलेली हवा सोडलेली असायची आणि समोरून फक्त हात आत जायचे. डिस्क त्यातच उघडली जायची. बाईंची हत्यारं मोजकी होती: नायलॉनचे पातळ हातमोजे, काळा कागद लावून उजेडाची फट ठेवलेला एक टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा, आणि भाईंदरच्या काचवाल्याकडून कापून आणलेली, ब्लेडएवढी पातळ आरशाची एक पट्टी. काचवाल्याने ही पट्टी कशाला हवी असं विचारलं होतं. "आत डोकावायला," बाईंनी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तबकडीवर कण पडू नये म्हणून दुकानात पावडर लावून येणाऱ्याला त्या बाहेर उभं करत. गजरा घातलेल्या बाईलाही. इरफानचे वडील सकाळी दुकान उघडताना अगरबत्ती लावत, त्यावरून पहिल्याच आठवड्यात खटका उडाला.

"बेटी, बरकत के लिए है," म्हातारे म्हणाले.

"चाचा, बरकत बाहर से भी आती है," बाईंनी आपल्या हिंदीत सांगितलं. त्यानंतर अगरबत्ती शटरबाहेर, पायरीवर लागू लागली. म्हाताऱ्यांनी ते मान्य केलं आणि बाईंना बेटी म्हणणं काही सोडलं नाही.

उजेड आडवा धरून पाहायची सवय दुकानापुरती नव्हती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत आणि त्या भागात भांडी जरा बरी मिळतात. बाई तिथे ताटं घ्यायला गेल्या की प्रत्येक ताट दुकानाच्या दारात नेऊन तिरपं करून पाहत. एका दुकानदाराने शेवटी हात जोडले.

"बेन, थाली खाने के लिए है. एक्स-रे निकालने के लिए नहीं."

"ह्याला पॉलिश करताना चीर पडलीये. ही बघा."

"दाल-भात से ढक जाएगा ना, बेन."

बाईंनी ते ताट घेतलं नाही. दुसरं घेतलं. पुढच्या वेळी त्या समोरून येताना दिसल्या की तो माणूस चांगली ताटं आपणहून वर काढून ठेवायचा.

सिनेमाबद्दल त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. आयुष्यभर त्यांच्या हातांखालून सिनेमे गेले होते, पण बहुतेकांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की कर्णिकसाहेब रंगात येऊन पाहत. बाई स्वयंपाकघरातून येता-येता म्हणत, "ह्याच्या चौथ्या रिळाला उभा ओरखडा होता. पुसून काढला." साहेब आवाज वाढवत. एकदा नायिका मरताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाई पडद्याजवळ जाऊन डाव्या कोपऱ्यात काहीतरी पाहू लागल्या. त्या रात्री साहेब माझ्या घरी येऊन बातम्यांपर्यंत बसून राहिले.

मी त्यांच्यावर एक लेख लिहावा असं मला वाटलं होतं. विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझं नाव छापून आलं की लोक डिस्क घेऊन थेट माझ्या घरी येतील. घरात फोडणी असते, धूर असतो. नको." लेख झाला नाही.

त्या चुकत नसत असं नाही. एका शिकवणीवाल्या सरांच्या डिस्कवर त्यांना एक वर्तुळ दिसलं आणि त्यांनी डिस्क फिरवू नका असं सांगितलं. सर दुसरीकडे गेले. तिथे डिस्क फिरवली आणि सगळा डेटा सुखरूप निघाला. सर पेढे घेऊन मुद्दाम दुकानात आले.

"आंटी, ये हमको चिढ़ाने के लिए लाया है," सर पायरी उतरल्यावर इरफान म्हणाला.

"म्हणून काय पेढ्याची चव बदलते?" बाईंनी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या घरी गेल्या आणि ती डिस्क मागून आणली. सकाळभर ती वेगवेगळ्या कोनांतून पाहिली. दिसलेलं वर्तुळ त्यांच्याच चष्म्याच्या काचेच्या कडेचं प्रतिबिंब होतं. तेव्हापासून त्यांनी एक पायरी वाढवली. काही दिसलं की तबकडी मधल्या स्क्रूला धरून हाताने हळूच फिरवायची. ओरखडा तबकडीबरोबर फिरतो, प्रतिबिंब जागेवर राहतं. सरांना त्यांनी जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. सरांना ते इतकं अनपेक्षित होतं की पुढे त्यांनी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

आणखी एक नियम होता, आणि तो गिऱ्हाइकांना सगळ्यांत जाचक वाटायचा. डिस्कमध्ये काय आहे ते बाईंना सांगायचं नाही. डिस्क घेऊन येणारा माणूस बहुतेकदा घाबरलेला असतो. त्याला काय गेलं ते सांगायचं असतं. बाई हात वर करत. "मला नको. इरफानला सांगा. माझं बघून झालं की मग मला सांगा." बघून झाल्यावरही त्या सहसा विचारत नसत. असं का, हे इरफानलाही ठाऊक नव्हतं.

रॉबर्ट आला तो थर्मोकोलचा डबा घेऊन. तिशीचा, अंगाने मजबूत, बोलताना हात फार हलवणारा. पालीत फिल्मचा कॅमेरा बाजूला ठेवून पहिला डिजिटल कॅमेरा त्यानेच घेतला होता. लग्नाच्या घरी तो सांगायचा, रोल धुवायची भानगड नाही, फोटो कॉम्प्युटरमध्ये जातात, कुठे हरवत नाहीत. फोटो कॉम्प्युटरमध्ये गेले की तो कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरायचा. अल्बम पावसाळ्यात सावकाश बनवायचे, असा त्याचा बेत होता.

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"हे कशात ठेवलं होतं?"

"बर्फात, मॅडम."

"कुठल्या बर्फात?"

"घरच्याच. म्हावऱ्याच्या पेटीत. पिशवीत बांधून ठेवला होता ना."

"बोंबील होते."

रॉबर्टने इरफानकडे पाहिलं. "ह्यांना कसं कळलं?"

"सीकेपी घरातली आहे मी. आणि बर्फात ठेवायला कोणी सांगितलं?"

सायबर कॅफेतल्या एकाने सांगितलं होतं. त्या काळात तो सल्ला सर्रास दिला जायचा: डिस्क फ्रीजमध्ये गार करा, मग चालू करा, एकदा तरी चालते. रॉबर्टच्या घरचा फ्रीज लहान होता. पण घर मासेमारीचं, बर्फाला तोटा नव्हता.

"गार करून मग चालू केली?" बाईंचा आवाज बदलला होता.

"करणार होतो. पण लाइट गेलेली. सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत न्हाय आली. तवर सेलिन बोलली, असं कायपण करू नको, दाखव कोणाला तरी."

गार डिस्कमध्ये दमट हवेचं पाणी साचतं. ओल्या तबकडीवर हेड चिकटतं आणि फिरताच घासतं. पालीत त्या दिवशी वीज असती, तर डिस्क संपली असती.

"लाइट घालवणाऱ्याचं भलं होवो," बाई म्हणाल्या.

"मॅडम, त्याच्यात माझ्या भैनीच्या..."

बाईंचा हात वर गेला. "नको. बघून झाल्यावर."

"अवं पण..."

"रॉबर्टभाई, मेरे को बोलो, इधर आओ," इरफानने त्याला बाहेर पायरीवर नेलं. ती माहिती इरफानला आणि मला, दोघांना तिथेच मिळाली. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या बंद पडलेल्या कीबोर्डसाठी आलो होतो.

सेलिनचा नवरा परदेशात एका हॉटेलात कामाला होता. लग्नासाठी सुट्टी घेऊन आला आणि ती संपताच परत गेला. सेलिनला तिकडे न्यायचं तर व्हिसाच्या फाइलला लग्नाचे फोटो जोडावे लागणार होते: चर्चमधला विधी, अंगठ्या घालताना, सही करताना, दोन्हीकडची माणसं सोबत. पाहुण्यांपैकी कोणी मोबाइलवर फोटो काढले होते, त्यांत चेहरे ओळखू येत नव्हते. बाकी सगळ्यांनी रॉबर्टच्या भरवशावर कॅमेरे घरीच ठेवले होते. फाइल द्यायची तारीख जवळ आली होती. ती चुकली तर पुढची कधी मिळेल, ते एजंट सांगू शकत नव्हता. विधी तर पुन्हा होऊ शकत नव्हता.

बाईंनी डिस्क न उघडता कोरड्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. रॉबर्ट तयार नव्हता. भाईंदरला एकजण दोन तासांत काढून देतो म्हणाला होता. बाईंनी डबा पुढे केला. "न्या. पण ओली आहे, आज फिरवू देऊ नका, एवढं त्याला सांगा." रॉबर्ट डबा हातात घेऊन बराच वेळ पायरीवर उभा राहिला. मग परत आत ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सेलिन बरोबर आली. पंचविशीच्या आतली, भावापेक्षा कमी बोलणारी. ती काचेच्या कपाटाच्या बाजूला स्टुलावर बसली आणि उठली नाही.

इरफानने डिस्क उघडली आणि हेड अलगद बाहेर काढून ठेवलं. हेडचं एक टोक वाकलं होतं. टकटक आवाजाचं कारण ते होतं. मग बाईंनी हातमोजे घातले.

त्या तबकडीकडे आधी पाहत नसत. डिस्कच्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा फिल्टर असतो. आत एखादा कण सुटला तर हवेबरोबर जाऊन तो तिथे अडकतो. "आधी कचऱ्याचा डबा बघायचा, मग घर," असं त्या म्हणत. रॉबर्टच्या डिस्कचा फिल्टर एका कडेला करडा झाला होता.

टॉर्च आडवा धरून बाईंनी वरच्या तबकडीची वरची बाजू पाहिली. स्वच्छ. दांडीचा आरसा सरकवून तिची खालची बाजू पाहिली. स्वच्छ. दुसऱ्या तबकडीची वरची बाजू. पाण्याचा एक फिकट डाग दिसला, पण तो सुकून गेलेला, डेटाच्या भागाबाहेर अगदी कडेला. स्वच्छ.

"आंटी, हो गया," इरफान म्हणाला. "नया हेड डालता हूँ."

"चौथी बाजू राहिलीये."

चौथी बाजू म्हणजे सगळ्यात खालच्या तबकडीची खालची बाजू. ती डब्याच्या तळाला जवळजवळ टेकलेली असते. तिथे दांडीचा आरसा जात नाही. पट्टी घातली तरी एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा भाग दिसतो. तबकड्या सुट्या केल्या तर त्यांची जागा हलते आणि मग वाचणंच अवघड होतं.

"तीन साफ हैं. चौथा भी साफ ही होगा ना."

"मग हा फिल्टर काळा कोणी केला? तू?"

इरफान बाजूला सरकला.

बाईंनी पट्टी सरकवली. पाहिलं. तबकडी हाताने किंचित फिरवली. पाहिलं. पुन्हा फिरवली. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा होता. कर्णिकसाहेब जेवायला बोलवायला आले आणि दारातूनच परत गेले. रॉबर्ट पायरीवर येरझारा घालत होता. मधेच आत आला.

"सेलिन, चल. भाईंदरला नेऊ. ह्यांचं आज होणार न्हाय."

सेलिनने कपाटाच्या काचेतून आत पाहिलं. "बाई, तुमी शोधताय काय एवढं?"

"जे सापडायला नको ते," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही.

"आनी न्हाय सापडला तर?"

"तर पुन्हा बघणार."

सेलिन भावाकडे वळली. "तू भायेर बस. इथंच राहू दे." रॉबर्ट म्हणाला, तारीख तुझी आहे, माझी नाही. सेलिन म्हणाली, "म्हनूनच सांगते." तो बाहेर जाऊन बसला.

दुपार उलटून गेल्यावर बाई थांबल्या. "इरफान, इकडे ये. इथे बघ."

तबकडीच्या बाहेरच्या कडेपाशी केसासारखं बारीक वर्तुळ होतं. इरफानला ते दिसेना. बाईंनी टॉर्चचा कोन बदलला. वर्तुळात एका जागी चमक तुटत होती. त्यांनी तबकडी हळूच फिरवली. तुटलेली चमक तिच्याबरोबर पुढे सरकली.

"फिरतंय," बाई म्हणाल्या. "ओरखडाच आहे."

सेलिन उभी राहिली. "म्हंजे गेला?"

"नाही गं. म्हणजे सापडला. आता तो कुठे आहे ते माहीत आहे. तिकडे जायचं नाही, एवढंच."

इरफानने त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कमधून हेडचा संच काढला आणि चौथ्या बाजूचं हेड निकामी करून मग तो बसवला. तीन बाजू वाचायच्या, चौथीला हात लावायचा नाही. त्याने डिस्क जोडली तेव्हा बाई कपाटावर कान ठेवून उभ्या होत्या. टकटक आवाज आला नाही. नुसती घरघर आली, पंख्यासारखी.

"चल रही है," इरफानने जवळजवळ कुजबुजत सांगितलं.

तीन बाजूंची पूर्ण प्रत निघायला बरेच दिवस लागले. एजंटच्या तारखेच्या आदल्या दिवशी इरफानने पालीला फोन केला. भाऊ-बहीण रिक्षाने आले. पडद्यावर एकेक फोटो उघडत गेला. काही फोटो अर्धेच होते, खालचा भाग करडा. ज्या भागाची माहिती चौथ्या बाजूवर होती, तो कोरा राहिला होता. चर्चच्या पायऱ्या आल्या. सेलिन गाडीतून उतरताना आली. अंगठी घालतानाचा फोटो आला, पूर्ण. त्यानंतरचा अर्धा. मग टेबलावर वाकून सही करणारी सेलिन, शेजारी नवरा, मागे दोघांची माणसं, पूर्ण.

"थांब, थांब," रॉबर्ट म्हणाला. तो पडद्याच्या इतका जवळ गेला की बाकीच्यांना काही दिसेना. "हाय. सगळी हायेत. आय पन हाय."

"तू न्हाय त्याच्यात," सेलिन म्हणाली.

"मी कसा असेन? फोटो कोन काढत होता?"

ती हसली आणि लगेच ओढणीने तोंड झाकून रडायला लागली. रॉबर्टने इरफानच्या पाठीत एक गुद्दा मारला. इरफान टेबलावर आदळला. बाईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"आता सांग," त्या सेलिनला म्हणाल्या. "काय होतं हे? नुसतं लग्न नाही."

सेलिनने सांगितलं. नवरा, हॉटेल, फाइल, उद्याची तारीख. बाई ऐकत होत्या आणि ऐकता-ऐकता मागे सरकून स्टुलावर बसल्या.

"उद्या?"

"उद्याच."

"आणि तू त्या दिवशी इथे गप्प बसून राहिलीस?"

"तुमी बोलू दिला कुठं?"

"बरं झालं नाही बोलू दिलं." बाई म्हणाल्या. "माहीत असतं तर तिसरी बाजू स्वच्छ निघाल्यावर मी चौथीसुद्धा स्वच्छ म्हटली असती. डोळ्याला मग तेच हवं असतं. लॅबमध्ये एकदा मला सांगितलं होतं, हे कोणाचं आहे, किती अडलंय. तेव्हा ओरखडा असलेली निगेटिव्ह पास केली होती मी."

पुढे काय झालं होतं ते इरफानने विचारलं. बाईंनी चहा सांग म्हणून सांगितलं. चहा आल्यावर त्यांनी साहेबांना हाक मारून वरून खाली बोलावून घेतलं आणि सहीचा फोटो दाखवला. साहेबांनी विचारलं, ही मुलगी कोण. बाईंनी सगळी हकिगत सांगितली, लग्नापासून व्हिसापर्यंत. साहेब म्हणाले, तुला एखादी गोष्ट पूर्ण माहीत आहे असं पहिल्यांदाच पाहतोय. त्यावर सगळ्यांत मोठ्याने रॉबर्ट हसला, त्याला संदर्भ माहीत नसताना.

फाइल ठरल्या दिवशी दिली गेली.

गावातली बाकीची लग्नं राहिली होती. तीन बाजूंच्या दोन प्रती कपाटात गेल्यावरच बाईंनी चौथ्या बाजूची परवानगी दिली. त्या बाजूला चालणारं हेड बसवून आतल्या कडेपासून सुरुवात करायची आणि वर्तुळाच्या अलीकडे थांबायचं. बाहेरच्या कडेचा तुकडा शेवटपर्यंत वाचला गेला नाही. रॉबर्ट त्या पावसाळ्यात घरोघर गेला आणि जे होतं ते दाखवलं. काही घरांत तो बोलणी खाऊन आला. एका घरी नवरदेवाचा कमरेपर्यंतचाच फोटो निघाला होता. नवरदेवाच्या आईने तोही अल्बममध्ये लावायला सांगितला. "वरचा अर्धा तर आमचाच हाय," ती म्हणाली. रॉबर्टने स्टुडिओत दुसरी डिस्क घेतली आणि प्रत्येक लग्न दोन ठिकाणी ठेवू लागला.

पालीहून सिल्व्हर पार्कमध्ये अधूनमधून बोंबील येऊ लागले. इरफान घरी नेत असे. बाई आपला वाटा दुकानात उघडू देत नसत, थेट वर पाठवत.

सेलिनचा व्हिसा नाताळाच्या थोडा आधी आला. मला त्याच सुमारास दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती आणि सामान हलवायचं चाललं होतं. एका सकाळी मी काशिमिऱ्याच्या नाक्यावर टेम्पोवाल्याची वाट पाहत उभा होतो. कर्णिकबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या, हातात पर्स, केसांत अबोलीचा गजरा. गजरा घातलेल्या बाईंना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पालीकडून दोन गाड्या आल्या, टपावर बॅगा बांधलेल्या. पहिली पुढे गेली. दुसरी बाईंसमोर थांबली. दार उघडल्यावर आत जागा नाही हे दिसत होतं. आतून चार-पाच जण एकदम बोलत होते. सेलिनने एका पोराला उचलून मांडीवर घेतलं आणि हात पुढे करून बाईंना वर ओढलं. दार दोनदा आपटल्यावर लागलं. गाडी हायवेला वळून विमानतळाच्या दिशेने गेली.

संध्याकाळी मी रॉबर्टला फोन केला. तो घरी पोहोचला होता. विमान दुपारी वेळेवर सुटलं होतं.